भित्र्या श्यामचे धैर्य

‘श्यामची आई’ या पुस्तकाविषयी मराठी घरांत साधारणपणे दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, डोळ्यांना पदर लावल्याशिवाय ते वाचून होत नाही. काही म्हणतात, ते फार रडवे आहे. दोन्ही मतांचा रोख अश्रूंवरच आहे. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच सोहळ्यात त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि या पुस्तकावरचा अश्रूंचा शिक्का कायमचा पक्का झाला. या लेखात मी ते अश्रू थोडे बाजूला ठेवणार आहे. मला या पुस्तकातल्या भीतीचा माग काढायचा आहे.

मी साहित्याचा रीतसर विद्यार्थी नव्हे. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून हाती लागेल ते वाचत आलो. काही वर्षांपूर्वी या पुस्तकाच्या एका जुन्या प्रतीत मी एक साधा उद्योग केला. श्याम जिथे भितो, लाजतो, लपतो, लोकांच्या नजरेला बिचकतो, तिथे तिथे समासात पेन्सिलीने खूण करत गेलो. पायांसारखे स्वच्छ मन, अंगणातला दगड, आईचा पदर, तोडलेल्या मुक्या कळ्या हे प्रसंग आपल्या सर्वांना पाठ असतात. त्यांच्या आसपास विखुरलेल्या या खुणा एका ओळीत लावल्या तेव्हा दिसले ते असे : आईच्या थोरवीच्या कथेखाली दुसरी एक कथा सरळ रेषेत वाहते आहे. एक भित्रा मुलगा पायरी पायरीने भीती ओलांडतो, आणि शेवटच्या पायरीवर त्याला स्वतःसाठी काहीच मिळवायचे उरलेले नसते.

पाच दिवसांचे पुस्तक

आधी पुस्तकाच्या जन्माविषयी. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातल्या पालगडला झाला. घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळात कर्जात बुडालेले. दापोली, औंध, पुणे अशा वाटेने, अनेकदा अर्धपोटी राहून, शिक्षण झाले. १९२४ पासून अमळनेरला शिक्षकी आणि वसतिगृहाचे काम केले. १९३० च्या सत्याग्रहात शाळा सोडली ती कायमची. पुढे तुरुंगांची मालिका सुरू झाली. त्रिचनापल्लीला ते तमिळ शिकले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली. त्यानंतर नाशिकचा तुरुंग. तिथे ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतले आणि सोमवार, १३ फेब्रुवारीपर्यंत बहुतेक सारे पुस्तक कागदावर उतरले. छापील पुस्तक १९३५ साली आले.

याला कादंबरी म्हणावे की आठवणी, हा वाद जुना आहे. गुरुजींच्या आयुष्यातले तपशील त्यात उघड दिसतात. तरीही त्यांनी ‘मी’ असे न म्हणता ‘श्याम’ हे पात्र उभे केले, त्याला एका आश्रमात बसवले, मित्रांना श्रोते केले आणि बेचाळीस रात्रींची मांडणी केली. कोणती रात्र आधी, कोणती नंतर, हे लेखकाने ठरवले आहे. ‘श्याम’ या नावाने त्यांनी पुढेही खंड लिहिले. म्हणून मी तिला आत्मचरित्राच्या मातीतून उगवलेली कादंबरी समजतो, आणि तिच्यातला क्रम हा लेखकाने हेतुपुरस्सर लावलेला क्रम आहे, असे धरून पुढे जातो.

तीन भये

पहिल्याच रात्रीची गोष्ट ‘सावित्रीव्रत’. आई आजारी आहे, वडाच्या प्रदक्षिणा घालायला तिच्या अंगात त्राण नाही. आपल्याऐवजी श्यामने त्या घालाव्यात असे ती सुचवते. श्याम तयार नाही. वडाखाली साऱ्या बायका, त्यांच्यात एकटा मुलगा गेला तर सगळे हसतील. आईचे म्हणणे साधे आहे. लाज वाईट कामाची वाटावी, चांगल्या कामाची का वाटावी? श्याम जातो. पुस्तकाची सुरुवात या प्रसंगाने होते, याचे मला फार महत्त्व वाटते. इथे ना अंधार आहे, ना साप, ना मार. आहे ते केवळ हसू. पण लहान मुलाच्या जगात लोकांच्या हसण्याएवढे मोठे भय क्वचितच असते, आणि मोठेपणी ते फक्त नाव बदलते. तेव्हा आपण त्याला प्रतिष्ठा म्हणतो. आपण पुरुष असून बायकांचे काम केले, हे चारचौघांना दिसणे ही भीती श्यामने सर्वांत आधी ओलांडली. पुढे ‘अर्धनारी नटेश्वर’ या रात्री तो घरकामात आईला हातभार लावतो, तेव्हा ही पहिली पायरी पक्की झालेली असते.

दुसरे भय बाराव्या रात्री येते. ‘श्यामचे पोहणे’. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांतून आणि चित्रपटातून आपल्या ओळखीचा आहे. कोकणातल्या गावात मुलाला पोहता न येणे म्हणजे टिंगलीचा विषय. बरोबरीची मुले विहिरीवर निघतात आणि श्याम घरात लपून बसतो. एरवी शब्दाने वागवणारी आई त्या दिवशी शिंपटी हातात घेते आणि त्याला बाहेर काढते. श्याम पाण्यात पडतो, घाबरतो, आणि पाणी आपल्याला वर धरते हे त्याच्या अंगाला कळते. नंतर तीच आई त्याला जवळ घेऊन समजावते, की माझ्या मुलाला कुणी भित्रा म्हटलेले मला सोसणार नाही. आजच्या पालकांना ही शिंपटी खटकते आणि खटकावीही. मला त्यातली दुसरी बाब पुढे ठेवायची आहे. वडाच्या वेळी आईने श्यामला तर्काने समजावले. विहिरीच्या वेळी तर्क चालला नाही. शरीराची भीती शरीरानेच जाते. पण हे धैर्य अजून स्वतःपुरते आहे. बुडायचे की तरायचे, प्रश्न श्यामच्या एकट्याच्या जिवाचा आहे.

तिसरे भय पंचविसाव्या रात्रीचे, ‘देवाला सारी प्रिय’. एका महार म्हातारीची लाकडांची मोळी वाटेवर पडली आहे. तिच्याने ती उचलवत नाही, आणि येणारेजाणारे विटाळाच्या धाकाने हात लावत नाहीत. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढव. श्यामचा प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे : लोक काय म्हणतील? मात्र या वेळी ‘लोक’ म्हणजे हसणाऱ्या बायका नव्हेत. इथे सारा गाव आहे. हसण्याची जागा शिव्यांनी आणि बहिष्काराच्या धाकाने घेतली आहे. श्याम जातो, मोळी उचलून देतो, बोलणी खातो. पोहण्यात त्याला काही मिळाले होते. निदान मुलांत मान मिळाला. इथे मिळण्यासारखे काही नाही, गमावण्यासारखे मात्र आहे. निःस्वार्थ धैर्य या शब्दाला पुस्तकात पहिल्यांदा अर्थ येतो तो इथे.

वड, विहीर आणि वाट. आधी हसू, मग पाणी, मग समाज. बेचाळीस रात्रींत ही तीन भये पहिल्या, बाराव्या आणि पंचविसाव्या रात्री, जवळजवळ सारख्या अंतराने आली आहेत. गुरुजींनी अंतर मोजून लिहिले, असे मी म्हणत नाही. पाच दिवसांत लिहिणारा माणूस फूटपट्टी घेऊन बसत नाही. पण ज्याच्या मनात एखादा प्रश्न वर्षानुवर्षे घोळत असतो, त्याच्या लेखणीतून तो आपोआप उतरणीवरच्या पाण्यासारखा वाट काढतो.

विहिरीचे पाणी कोणाचे?

इथे इतिहास मध्ये येतो, आणि त्याला वगळून ही गोष्ट सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

श्यामला ज्या विहिरीत उडी घ्यायची होती, तिच्या काठावर पोहोचायला त्याला फक्त स्वतःची भीती आड येत होती. त्याच काळी कोकणातल्या महार वस्तीतला मुलगा कितीही धीट असला, तरी सवर्णांच्या विहिरीवर त्याला पाय ठेवता येत नव्हता. एका मुलाची भीती घालवायला आईची शिंपटी पुरली. दुसऱ्याला साधे पाणी प्यायला २० मार्च १९२७ ची वाट पाहावी लागली. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे महाडच्या चवदार तळ्यावर गेली आणि त्यानंतर त्यांनी मारही खाल्ला. बाबासाहेबांचे घराणे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, लहानपणाचा काही काळ दापोलीतला. पालगड आणि आंबडवे एकाच मुलखातली. धैर्याच्या या दोन शाळा इतक्या जवळ भरत होत्या, आणि एकीला दुसरीची खबर फार उशिरा लागली.

पुस्तक लिहिले गेले ती जागाही पाहा. नाशिकला २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होता. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते तो पुढे अनेक वर्षे चालवत होते. गुरुजी १९३३ च्या फेब्रुवारीत त्याच शहराच्या तुरुंगात होते. पुणे करार होऊन पाच महिनेही झाले नव्हते. आणि ज्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली जात होती, त्यांतल्याच एका दिवशी, ११ फेब्रुवारी १९३३ ला, गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकाचा पहिला अंक पुण्याहून निघाला. मोळीचा प्रसंग हा श्यामच्या बालपणातला म्हणून सांगितलेला असला, तरी तो सांगण्याची निकड त्या काळाची आहे.

आता त्या प्रसंगातली अडचणीची जागा. आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. या एका वाक्यावरून पुस्तकावर टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. दया आहे, पण विटाळ कायम आहे. म्हातारीचे ओझे हलके झाले, पण तिचा स्पर्श धुऊन टाकायचा राहिलाच. आईचा बचाव करणारे म्हणतात, त्या काळच्या बाईने एवढे केले हेच खूप. मला दोन्ही बाजूंना एकच विचारावेसे वाटते : गुरुजींनी ती आंघोळ लिहिली कशाला? लेखणी त्यांच्याच हातात होती. १९३३ साली अस्पृश्यता पाळणे त्यांनी केव्हाच टाकले होते. ते वाक्य गाळून त्यांना आपल्या आईला अधिक मोठी करता आली असती. त्यांनी ते गाळले नाही. आईने जिथवर नेले तिथवरचा रस्ता त्यांनी खरा खरा दाखवला, आणि पुढचा आपल्या अंगावर घेतला.

महाद्वार

तो पुढचा रस्ता पंढरपूरला जातो.

पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या जवळ, चोखामेळ्याची समाधी आहे. ज्याचे अभंग वारकरी शतकानुशतके गात आले, तो मेल्यावरही दाराबाहेरच राहिला. १९४६ च्या अखेरीस साने गुरुजींनी जाहीर केले, की विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले झाले नाही तर आपण प्राणांतिक उपोषण करू. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून उपोषण काही महिने पुढे ढकलले. तो वेळ गुरुजींनी महाराष्ट्रभर दौऱ्यात घालवला. सेवादलाचे कलापथक बरोबर होते. गावोगाव सभा झाल्या, आणि वाटेत अनेक ठिकाणच्या विहिरी आणि देवळे खुली झाली. विहिरी! लहानपणी जिच्या काठावर पाय अडत होता, तिचे पाणी सर्वांचे व्हावे म्हणून हा माणूस आता दारोदार फिरत होता.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण सुरू झाले. विरोध मोठा होता. बडव्यांचा होता, सनातन्यांचा होता. खुद्द गांधीजींनीही, त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्या माहितीवरून, उपोषण सोडावे असे कळवले. हा प्रसंग मला मोळीच्या प्रसंगाच्या शेजारी ठेवून पाहावासा वाटतो. गावाच्या बोलण्याला न भिणे अवघड असते, पण ज्याला आपण गुरू मानतो त्याच्या शब्दाला नम्रपणे ‘नाही’ म्हणणे त्याहून अवघड. गुरुजींनी तेही केले. अखेर दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला, आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

त्या दहा दिवसांत त्यांना स्वतःसाठी काय हवे होते? विठ्ठलाचे दर्शन त्यांना बंद नव्हते. जन्माने मिळालेला तो हक्क त्यांच्याजवळ होताच. जो दरवाजा आपल्याला उघडा आहे, तो दुसऱ्याला बंद आहे म्हणून प्राण पणाला लावायचा. आईने शिकवलेल्या धैर्यात शेवटी आंघोळ होती. या धैर्यात ती नव्हती.

दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप येतात, ते टाळून पुढे जाता येणार नाही.

पहिला आक्षेप आंबेडकरी विचाराच्या बाजूने. १९४७ पर्यंत दलित चळवळीने मंदिरप्रवेशाचा मार्ग सोडून दिला होता. १९३५ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, बाबासाहेबांनी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. ज्यांनी देवळाकडे पाठ फिरवली, त्यांच्यासाठी देवळाचे दार उघडण्याचे मोल किती? हा प्रश्न खरा आहे. माझे उत्तर एवढेच, की पंढरपूरचे उपोषण हे दलितांना काही देण्यापेक्षा सवर्णांना काही सोडायला लावणारे होते. कुलूप ज्यांनी घातले त्यांच्याच घरातला एक माणूस आपल्या माणसांसमोर उपाशी बसला. त्या उपोषणाने जातिव्यवस्था मोडली नाही. पण परंपरेचे नाव घेऊन दार अडवणाऱ्यांच्या हातातली एक सबब काढून घेतली.

दुसरा आक्षेप अधिक दुखरा आहे. स्वातंत्र्यानंतर गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, आंतरभारतीचे स्वप्न मांडले, आणि ११ जून १९५० रोजी स्वतःच आपले आयुष्य संपवले. असा माणूस धैर्याचे उदाहरण कसा, असे काही जण विचारतात. दुसऱ्याच्या मनाच्या इतक्या आत जाऊन निवाडा देण्याचा अधिकार मला नाही, आणि त्या मृत्यूला कोणताही मुलामा देण्याची माझी इच्छा नाही. एवढेच म्हणतो : भित्र्या माणसाचे धैर्य म्हणजे भीती कायमची मरणे असे आपण धरून चालतो, तिथे आपली समजूत कच्ची असते. जी कातडी दुसऱ्याच्या दुःखाने इतकी पोळते, ती स्वतःच्या दुःखानेही पोळणारच. गुरुजींच्या भोवती प्रेम करणारी माणसे पुष्कळ होती. कणखर माणसांची विचारपूस आपण करतो, हळव्या माणसांना मात्र आपण थोर म्हणतो आणि एकटे सोडतो. ही उणीव त्यांची नव्हे, आपली.

हळवेपणाची किंमत

‘श्यामची आई’च्या शेवटी आई जाते, आणि शेवटच्या भेटीला श्याम पोहोचत नाही. वास्तवातही यशोदाबाई २ नोव्हेंबर १९१७ रोजी गेल्या, तेव्हा पांडुरंग शिक्षणासाठी दूर होता. म्हणजे ज्या बाईने त्याची भीती घालवली, तिने त्याचे धैर्य कधी पाहिलेच नाही. अमळनेरचे वसतिगृह, त्रिचनापल्ली, धुळे, नाशिक, बेचाळीसचे भूमिगत दिवस, पंढरपूर, सारे तिच्या पश्चात. पुस्तकातल्या अश्रूंचे एक कारण मला यात दिसते. ते केवळ आई गेली म्हणून आलेले अश्रू नाहीत. परीक्षा पास झालो, पण निकाल सांगायला कोणी उरले नाही, अशा मुलाचे ते अश्रू आहेत.

शूर माणसांच्या गोष्टी मराठीत भरपूर आहेत. त्यांतले बहुतेक नायक पाळण्यातच पाय दाखवणारे. भित्र्या मुलाला त्या गोष्टी वाचून आपण त्यांतले नव्हे, एवढेच कळते. श्यामची गोष्ट त्याला वेगळे काही सांगते. लाजाळू, रडवा, घरात लपणारा मुलगा त्याच हळव्या मनाच्या बळावर महाद्वारापर्यंत जाऊ शकतो. म्हातारीच्या मोळीचा भार ज्याला आपल्या मानेवर जाणवतो, तोच पुढे दहा दिवस उपाशी बसू शकतो. हळवेपणा हा त्याच्या धैर्यातला अडथळा नव्हता. ते धैर्य त्याच मातीत रुजले होते.

पुस्तकाला नव्वद वर्षे झाली. शाळांतून अजूनही त्यातले उतारे वाचले जातात, मुलांना पोहण्याचा प्रसंग आवडतो, शिक्षक आईची महती सांगतात आणि तास संपतो. त्या तासात पंचविसावी रात्रही वाचली जावी, तिच्यातल्या आंघोळीसकट, आणि मग पुढे पंढरपुरात काय झाले ते मुलांना सांगितले जावे. आईने दिलेले धैर्य मुलाने तिच्याही पुढे कसे नेले, हे कळले म्हणजे आईची महती कमी होणार नाही. उलट, ती शिंपटी कशासाठी उचलली गेली होती, ते तेव्हाच नीट कळेल.